सभासदांची नदी

कृष्णेचं पाणी बिघडलंय हे सांगलीत सगळ्यांत आधी मासेमारी करणाऱ्यांना कळतं. पहाटे जाळं काढायला गेलेला माणूस बघतो, तर मासे वर आलेले. कटला, रोहू, चिलापी काठाला येऊन तोंड उघडून पडलेले, हाताने उचलावेत इतके मलूल. मरळ तेवढी तग धरते, कारण तिला हवेतूनही श्वास घेता येतो. चहाची वेळ व्हायच्या आत बातमी गावभर होते आणि लोक घमेली, पोती, क्रेट घेऊन नदीत उतरतात. कुणीतरी ओरडतं, ‘खाऊ नका रे!’ ऐकतंय कोण? दुपारी वास सुटतो. संध्याकाळी काठावर पुढारी येतात, निवेदनं देतात, फोटो होतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेलं वाक्य येतं: नमुने तपासणीसाठी पाठवण्यात आले आहेत.

२०२३च्या मार्चमध्ये अंकलीच्या बाजूला मेलेल्या माशांचा खच पडला. प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. पण मासे त्याच्या आधीही मरत होते. गळीत हंगाम संपत आलेला असतो, नदीची धार बारीक झालेली असते, तेव्हा हे होतं. पहिल्या मोठ्या पावसाने ओढ्यानाल्यांत साचलेलं सगळं एकदम नदीत आलं की पुन्हा होतं. त्याचीही सवय होते माणसाला, हेच वाईट.

मी सांगलीत बरीच वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. न्यायालयाच्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय पदवीला सक्तीचा झाला आणि ‘मुलांना नदीवर न्या’ हे काम आमच्या विभागाच्या गळ्यात आलं. आलं ते बरंच झालं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची जुनी पद्धत मला अजून आवडते, कारण तिच्यात आकडा यायच्या आधीच उत्तर डोळ्यांना दिसतं. घासून बसवलेल्या बुचाची तीनशे मिलिलिटरची बाटली पाण्याखाली धरून भरायची. एकही बुडबुडा आत राहता कामा नये. मग पिपेटने अगदी तळाशी मँगनीज सल्फेट सोडायचं, त्यावर अल्कली आयोडाइड, आणि बूच लावून बाटली सावकाश वरखाली करायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो. पावसाळा सरल्यावर घाटाच्या वरच्या अंगाला घेतलेल्या बाटलीत तो चहाच्या चोथ्यासारखा गडद असायचा. उन्हाळ्यात फिकट व्हायचा. आणि शहराचं सांडपाणी घेऊन येणारा शेरीनाला नदीला मिळतो तिथल्या बाटलीत साका पांढरा, स्वच्छ पांढरा.

मुलं गोंधळायची. ‘मॅडम, आमचं काहीतरी चुकलं. रंगच येईना.’ चुकलेलं काहीच नसायचं. साका पांढरा राहिला याचा अर्थ पाण्यात ऑक्सिजन उरलेला नाही. बघायला मात्र तीच बाटली सगळ्यांत स्वच्छ दिसायची.

उन्हाळ्यात सांगलीच्या तापमानाला एक लिटर पाणी साडेसात-आठ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन धरून ठेवू शकत नाही. माशांचं, शेवाळाचं, किड्यामुंग्यांचं सगळं त्या चिमूटभरात भागायचं असतं. आता त्याच्या समोर साखर कारखान्याच्या डिस्टिलरीचा, म्हणजे अल्कोहोल काढणाऱ्या प्लांटचा, हिशेब मांडून बघा. मळी, म्हणजे साखर काढून उरलेला चिकट पाक, काही कुणी नदीत ओतत नाही, तिचे पैसे येतात. मळी आंबवून अल्कोहोल काढलं की मागे उरतो तो स्पेंटवॉश. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण आठ ते पंधरा लिटर, गर्द तपकिरी. त्याची बीओडी, म्हणजे ते कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाईल ते माप, लिटरला चाळीस हजार मिलिग्रॅमच्या घरात असते. घरगुती सांडपाण्याची असते दोन-तीनशे. फळ्यावर भागाकार केला की वर्ग गप्प व्हायचा: एक लिटर स्पेंटवॉश नदीच्या पाच हजार लिटर पाण्यातला ऑक्सिजन संपवतो. दहा हजार लिटरचा एक टँकर रात्री ओढ्यात रिकामा झाला तर पाच कोटी लिटर. मासे विषाने मेले असं सगळे म्हणतात. बहुतेक वेळा ते गुदमरलेले असतात.

डिस्टिलऱ्यांना शून्य विसर्गाची अट आहे, स्पेंटवॉश आटवायचा किंवा बॉयलरमध्ये जाळायचा. २०१४ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने साखर, डिस्टिलरी, कागद अशा सतरा प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मीटर बसवायला सांगितले. हे सगळं चांगलंच आहे. पण मीटर पाइपाच्या तोंडाशी बसतो, टँकरच्या नाही. माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका प्लांटवर शिफ्ट केमिस्ट होता. तो म्हणाला, ‘मॅडम, लगून, म्हणजे स्पेंटवॉश साठवायचं तळं, काठोकाठ भरत आलं की सगळ्यांना दिसत असतं. पण प्लांट बंद ठेवा असं म्हणणारा माणूस त्या वेळी मीटिंगमध्ये नसतो.’ एवढं बोलून त्याने विषय बदलला. मीही बदलू दिला.

आता नमुन्याचं बघू. जलप्रदूषण रोखायच्या केंद्राच्या पाणी कायद्याच्या कलम २१ मध्ये नमुना कसा घ्यायचा ते बारकाईने लिहिलंय. आधी कारखानदाराला नोटीस द्यायची, त्याच्यासमक्ष नमुना घ्यायचा, त्याने मागणी केली तर दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्या सील करायच्या, दोघांनी सह्या करायच्या. न्यायाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. फक्त नदी तोवर थांबत नाही. आपल्या मानकाप्रमाणे बीओडी काढायला नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवावा लागतो. आमच्याकडचे नमुने चिपळूणच्या प्रयोगशाळेत जातात, म्हणजे आधी घाट उतरायचा, मग तीन दिवस, मग अहवाल. जे पाणी आलं होतं ते एव्हाना म्हैसाळ ओलांडून नरसोबावाडीकडे गेलेलं असतं आणि काठावर मासे पुरलेल्या खड्ड्यांवर चुना पडलेला असतो. अहवालात येतं ते मागून आलेलं बरं पाणी.

आणि ते बरं पाणीही आपोआप येत नाही. नदीकाठच्या लोकांना बरगे काय असतात ते सांगायला नको. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या गाळ्यांत पावसाळा संपल्यावर बसवतात त्या फळ्या. डिग्रज, सांगली, म्हैसाळ अशी बंधाऱ्यांची ओळ आहे, आणि उन्हाळ्यात कृष्णा म्हणजे या बंधाऱ्यांमागे साचलेले लांबट तलाव. त्यात घाण आली की काठावरून पहिली मागणी होते ती ‘बरगे काढा’ आणि दुसरी ‘कोयनेतून पाणी सोडा’. बरगे निघतात, वरून पाणी येतं, घाण पुढे सरकते. आपल्या गावाचं भागतं. पुढच्या गावचे लोक मग त्यांच्या बंधाऱ्यावर जमतात. मिरजेच्या कृष्णाघाटावर पाणी उचलतात, खाली शिरोळ तालुका आहे, त्याच्या खाली कर्नाटक. माझ्या पाहण्यात प्रदूषण नियंत्रणाची सगळ्यांत वेगाने अमलात येणारी कारवाई हीच.

यात हसण्यासारखं काही नाही. सांडपाणी नदीत सोडायला लिटरला तीस मिलिग्रॅम बीओडीची मर्यादा वर्षानुवर्षं चालत आली आहे आणि आंघोळीच्या पाण्याला तीनची. म्हणजे शुद्धीकरण केंद्र अगदी नियमाने चाललं तरी खाली दहापट चांगलं पाणी वाहतं पाहिजे. ते वाहणार कुठून? कोयनेची साठवण १०५ टीएमसी, त्यातलं साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत पाणी कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने पश्चिमेला वळवायला परवानगी दिलेली, ते वीज करून कोकणात उतरतं. उरलेल्यात ताकारी, टेंभू, म्हैसाळ उपसा योजना दुष्काळी भागाला पाणी देतात, आणि ते द्यायलाच हवं. आटपाडी-जतच्या माणसासमोर नदीच्या प्रवाहाचं गाणं गायची माझी हिंमत नाही. तर घाण किती हे बघणारं खातं एक, पाणी किती हे ठरवणारं खातं दुसरं. मासे मेल्याशिवाय दोघांचा फोन होत नाही. त्यातही सातारा जिल्हा प्रदूषण मंडळाच्या पुणे विभागाकडे आणि सांगली कोल्हापूर विभागाकडे. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर एकत्र झालेलं पाणी जिल्ह्याची हद्द ओलांडलं की त्याची फाइल बदलते.

कायदे उशिरा आले, आपण विकसनशील देश, अजून वेळ लागेल, असं कुणी म्हणालं की मी तारखा सांगते. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ साली केला. मंडळ ७ सप्टेंबर १९७० ला स्थापन झालं. स्टॉकहोमची जागतिक पर्यावरण परिषद त्यानंतर दोन वर्षांनी, १९७२ ला भरली. तिथे इंदिरा गांधींनी गरिबी आणि प्रदूषण एकमेकांपासून तोडून बघता येणार नाही असं मांडलं. केंद्राचा पाणी कायदा १९७४ चा. १९८८ च्या दुरुस्तीने कारखान्याची वीज आणि पाणी तोडायचा अधिकार मंडळाला मिळाला. म्हणजे मंडळाच्या हातात काठी नाही असंही नाही. आणि तरी केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली तेव्हा ३५१ पट्ट्यांपैकी ५३ महाराष्ट्रातले निघाले, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर उतरला, आपला ५५ वर चढला. या याद्यांच्या आधीच आपण एक गोष्ट मोडून ठेवली होती. नदीपासून किती अंतरात कुठल्या प्रकारचा उद्योग येऊ शकतो याचं धोरण राज्यात २००० पासून होतं, ते २०१५ च्या फेब्रुवारीत रद्द झालं. उद्योगांना अडचण होते म्हणून. फारशी आरडाओरड झाल्याचं मला आठवत नाही.

का झाली नाही, याचं उत्तर मला मामांकडे मिळालं, असं म्हणता येईल.

मामांचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, नदीकाठी. ऊस आहे, दोन म्हशी आहेत, आणि ते कारखान्याचे सभासद आहेत. आजोबांनी शेअर घेतला तेव्हा घरातलं काय मोडलं याची गोष्ट आमच्याकडे लग्नकार्यात अजून सांगितली जाते. १९५० साली प्रवरानगरला पहिला सहकारी कारखाना उभा राहिला, त्यानंतर सांगली-साताऱ्यात जे घडलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना कारखाना म्हणजे नुसतं धुराडं कधीच वाटलं नाही. त्याच्याबरोबर रस्ता आला, शाळा आली, दवाखाना आला. दिवाळीला सवलतीची साखर येते, ती मामी मोजून घेते आणि त्यातली आम्हाला धाडते.

पाणी कायद्याच्या डोळ्यासमोर एक चित्र आहे. इकडे प्रदूषण करणारा, तिकडे त्याचा त्रास होणारा, मध्ये शासन. आमच्या काठावर हे चित्र लागू पडत नाही. पाणी बिघडवणाऱ्या कारखान्याचा मालक आणि ते पाणी म्हशीला पाजणारा माणूस हा एकच माणूस असतो, एकाच सातबाऱ्यावरचा. डिस्टिलरी चालली तर ऊसबिल वेळेत निघण्याची आशा वाढते. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर इथेनॉलला भाव आला, पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळायचं उद्दिष्ट २०३० वरून अलीकडे ओढलं गेलं, कारखान्यांनी डिस्टिलऱ्या वाढवल्या. एफआरपी, म्हणजे उसाची सरकारने ठरवलेली किमान किंमत, थकली की त्याच गावचे लोक रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या अडवतात. नदीसाठी कुणी ट्रॉली अडवलेली मी पाहिली नाही. कारण नदीसाठी अडवायची ट्रॉली आपलीच असते.

आणि तक्रार करायची तर कुणाविरुद्ध? मामांचा थोरला मुलगा कारखान्यात. मंडळाच्या गाडीतून नमुना घ्यायला आलेला तरुण अधिकारी मला बघून ‘नमस्कार मॅडम’ म्हणाला. प्लांटवरचा केमिस्ट माझा विद्यार्थी, हे आधी सांगितलंच. नमुना देणारा, घेणारा आणि कधी कधी तपासणारासुद्धा एकाच प्रयोगशाळेतून ब्युरेट धुऊन बाहेर पडलेले. मला याचा अभिमान वाटतो. त्या दिवशी काठावर उभं राहून अवघडल्यासारखंही झालं.

कारखान्यांवर सगळं ढकलायची सोयही सांगलीकरांना नाही. वसंतदादांच्या समाधीजवळ शेरीनाला नदीत जातो, त्यात साखरेचा कण नाही. ते आपल्या मोऱ्यांचं पाणी. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेत कृष्णाकाठची कऱ्हाड आणि सांगली ही शहरं होती. नाल्याचं पाणी उचलून धुळगावला नेऊन, शुद्ध करून शेतीला द्यायची योजना झाली. कल्पना झकास आहे. पण सांगलीत जन्मलेल्या मुलाने निवडणुकीच्या भाषणात ‘शेरीनाला’ हा शब्द ऐकला नाही अशी निवडणूक मला तरी आठवत नाही. पंप बंद, वीजबिल थकलं, पाइप फुटला, नवा आराखडा. आणि मंडळ पालिकेला नोटीस काढतं, म्हणजे एका सरकारी कपाटातून दुसऱ्या सरकारी कपाटात कागद जातो. दंड झालाच तर भरणार कोण? घरपट्टी भरणारे. इथेही सभासद आपणच.

पैसे नाहीत हे कारण चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच रतलामच्या प्रकरणात सांगून ठेवलंय. तिथल्या उघड्या गटारांविरुद्ध रहिवासी दंडाधिकाऱ्याकडे गेले होते आणि नगरपालिका म्हणत होती निधी नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते ऐकून घेतलं नाही. निकाल सुंदर आहे, मी मुलांना वाचून दाखवायचे. पण त्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट निकालाच्या आधीची आहे: मोहल्ल्यातली माणसं आपल्याच पालिकेविरुद्ध उभी राहिली. देशातल्या शहरांत रोज बहात्तर हजार दशलक्ष लिटरच्या वर सांडपाणी तयार होतं आणि प्रत्यक्षात शुद्ध होतं वीस हजारांच्या आसपास, असा केंद्रीय मंडळाचा २०२०-२१ चा हिशेब आहे. ही दरी यंत्रांची नाही, कारण यंत्रांची क्षमता तरी एकतीस हजारांच्या वर आहे. बसवलेली यंत्रं चालवून घेणारं कुणी नाही. उद्घाटनाला फीत असते, देखभालीला नसते.

म्हणून मला अलीकडे वाटतं की आणखी कडक कायद्याची मागणी करण्यात आपण थोडी चतुराई करतो. कायदा मागितला की तो मुंबई-दिल्लीवर ढकलता येतो. अधिकारी कमी आहेत, पदं रिकामी आहेत, हे खरंच आहे आणि ती भरलीच पाहिजेत. पण कारखान्याचं लगून कितपत भरलंय, स्पेंटवॉश जाळायच्या बॉयलरवर किती खर्च झाला, हंगामात प्लांट किती दिवस बंद ठेवावा लागला, हे विचारायचा हक्क मंडळाच्या अधिकाऱ्याइतकाच सभासदालाही आहे. त्याला नोटीस द्यावी लागत नाही, बाटली सील करावी लागत नाही. वर्षातून एकदा वार्षिक सर्वसाधारण सभा भरते, तिथे उभं राहावं लागतं.

हे मी मामांना म्हटलं. गणपतीच्या आधीचे दिवस होते, कारखान्याच्या वार्षिक अहवालाचं गुळगुळीत पुस्तक घरात येऊन पडलं होतं. मामांनी चष्मा लावून विषयपत्रिका काढली. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे, ताळेबंद, लेखापरीक्षक नेमणे, डिस्टिलरीच्या विस्ताराला मंजुरी. नदी कुठे नव्हती.

‘मग विचारा की तुम्ही,’ मी म्हटलं.

‘आगं, न्हाई विचारायचं आसं कुठं हाय?’ मामा म्हणाले. ‘ह्यो बघ शेवटचा विषय. आयत्या येळी येणारे विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीनं. तितं घेता येतंय.’

‘मग?’

‘मग काय! डिस्टिलरीचा विषय झाला की “मंजूर, मंजूर” म्हणत निम्मा मांडव उठतोय. जेवणाची पंगत तवाच बसती.’ त्यांनी पुस्तकावर पेनने खूण केली आणि खिशाला पेन लावलं. ‘पंगत उशिरा बसवा म्हणून आदी अर्ज द्यावा लागंल. तू लिहून दे, सही मी करतो. मराठीत लिही पण, ते बीओडी-फिओडी नगं. म्हस पाणी पित न्हाई, एवढंच लिही.’